पहिल्या पावलाची तारीख

मंगळवार, सत्तावीस मे. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मी उठलो, पाचव्या मजल्यावरच्या आमच्या काचबंद गॅलरीचं एक तावदान उघडलं आणि तांब्याच्या छोट्या भांड्यात कॉफी चढवली. साडेसहाला कॉफी झाली. पावणेसातला रालित्सा, म्हणजे माझी बायको, औषधांच्या दुकानात घालायचा पांढरा कोट इस्त्री करू लागली. मी पावाचे चार तुकडे कापले, त्यांवर पांढरं चीज कुस्करलं आणि टोमॅटो चिरायला घेतला. आमची मुलगी बिल्याना स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पातेल्याच्या झाकणाशी बोलत होती. ती अकरा महिने नऊ दिवसांची होती. नगरपालिकेच्या भूमापन खात्यात मी सतरा वर्षं काढली आहेत, त्यामुळे अंतरं आणि तारखा माझ्या डोक्यात आपोआप बसतात. या गुणाचा मला आजवर अभिमान होता.

सात वाजून पाच मिनिटांनी रालित्सा अगदी हळू आवाजात म्हणाली, "मेतो, मागे वळ. पण घाई करू नकोस."

मी वळलो. बिल्याना ओव्हनची दांडी सोडून जमिनीच्या मधोमध उभी होती, आणि उभी असतानाच पुढे येत होती. ती भिंतीजवळच्या बाकापर्यंत पोहोचली, दोन्ही तळवे बाकावर आपटले आणि एखादं काम संपवलेल्या माणसासारखी आमच्याकडे पाहू लागली. एकूण चार पावलं.

एखाद्या सुदृढ मनाच्या बापाला इथे आनंद झाला असता. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा एक तारीख आली, आणि रालित्साच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर कळलं की तिच्याही मनात तीच आली आहे.

"चौदा जून," ती म्हणाली.

"उचल तिला," मी म्हणालो.

आपल्या मुलीच्या पहिल्या पावलांवर बापाचे हे पहिले उद्गार. त्यांचं स्पष्टीकरण देणं मला भाग आहे.

माझ्या सासूबाई, स्तोयांका, बसने पाऊण तासावरच्या गावी एकट्या राहतात. त्यांनी सारं आयुष्य फळांच्या कारखान्यात पाळ्या केल्या. रालित्सा चालू लागली तो चेरीचा हंगाम होता, त्यांची दुहेरी पाळी होती, आणि आपली मुलगी चालते ही बातमी त्यांना संध्याकाळी पाळणाघराच्या फाटकात दाईने दिली. आमच्या लग्नात त्यांनी काही मागितलं नाही. बिल्याना झाली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पहिलं पाऊल टाकील तेव्हा मला हाक मारा. बाकी मला काही नको."

मागणी साधी होती. एक फोन करायचा होता. परंतु सज्जन माणसांना एक खोड असते, की मागितलेली वस्तू आहे त्या आकारात देणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मी ठरवलं की आईंना पहिलं पाऊल तर दाखवायचंच, पण ते बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते कायमचं टिपून त्यांना द्यायचं. त्यासाठी मी कालिनाला गाठलं.

कालिना ही बल्गेरियातल्या आमच्या रूसे शहरातली मुलांचे नैसर्गिक फोटो काढणारी बाई. ती कोणाला "हसा" म्हणत नाही. पार्श्वभूमीला पडदा लावत नाही. मुलं खेळतात, आया दमतात, आणि ती कोपऱ्यात उभी राहून ते सगळं टिपते. अशा नैसर्गिकतेला फार मागणी असल्यामुळे तिच्याकडे दोन-दोन महिने आधी दिवस ठरवावा लागतो. मी एप्रिलमध्येच दोन्ही घराण्यांतली अकरा मुलं कोणत्या वयात चालू लागली याची माहिती जमवली, सरासरी काढली, आणि चौदा जूनचा शनिवार पक्का केला. "मूल म्हणजे जमिनीचा तुकडा आहे का रे?" असं रालित्साने तेव्हाच विचारलं होतं. मी तिला तक्ता दाखवला होता.

आता तक्ता अठरा दिवसांनी चुकला होता. मी त्याच सकाळी कार्यालयातून कालिनाला फोन केला.

"सप्टेंबरपर्यंत दुसरा दिवस नाही हो माझ्याकडे," ती म्हणाली. "आणि ती चालायला लागली असेल तर मग ती पुनरावृत्ती होईल. पुनरावृत्तीचे फोटो मी काढत नाही. ते प्रामाणिक नसतं. चालायला लागली का ती?"

"अजून नाही," मी म्हणालो. माझ्या आवाजात कसलीही थरथर नव्हती, हे मी खेदाने नोंदवतो.

आता आईंना सांगण्याचा प्रश्न. आमच्याकडे मूल चालू लागलं की पावलाचा पाव करतात. जमिनीवर लाल कापड अंथरायचं, पलीकडच्या टोकाला बसक्या मेजावर कात्री, लेखणी, कंगवा अशा वस्तू मांडायच्या, कापडावरून गोल पाव घरंगळत सोडायचा आणि मुलाने त्याच्यामागे चालत जायचं. मूल जी वस्तू उचलील तो त्याचा पुढचा व्यवसाय. मग चपळ पायाच्या माणसाने त्या पावाला मध लावून तो पळत पळत वाटायचा, आणि खाणाऱ्यांनीही बसायचं नाही. पहिल्या पावलानंतर येणारा पहिला शनिवार चुकवायचा नाही, असा आईंचा नियम. म्हणजे मी मंगळवारी फोन केला असता तर बुधवारच्या बसने त्या पाव फुगवायच्या पिठाच्या विरजणासकट दारात उभ्या असत्या, शनिवारी पाव झाला असता, आणि कालिनाच्या कॅमेऱ्यापुढे चौदा तारखेला एक अनुभवी चालणारी मुलगी उभी राहिली असती.

"अठरा दिवस," मी रालित्साला म्हणालो. "अठरा दिवस तिला चालू द्यायचं नाही. चौदा तारखेला आई समोर असतील, कालिना कोपऱ्यात असेल, आणि ती पहिल्यांदा चालेल."

"तिला हे कोण सांगणार?"

"तिला सांगायचं नाही. उभी राहिली की उचलायची."

योजना म्हणून हिच्यात दोष काढणं कठीण आहे. पण साडेनऊ किलोचं मूल दिवसातून साठ वेळा उचलणं म्हणजे काय, हे ज्याने उचललंय त्यालाच कळेल. पहिल्या आठवड्यातच माझी कंबर गेली. स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दाराशी, गॅलरीत, जिथे ती उभी राहील तिथे आम्ही दोघांपैकी एक जण झडप घालत असे. सुरुवातीला ती रागावली. मग तिने या प्रकाराचा अभ्यास केला. दहा दिवसांनी तिची पद्धत ठरून गेली. ती उठून उभी राही, दोन्ही हात वर करी आणि वाट पाही. आम्हाला हे सोयीचं वाटलं.

पाळणाघराच्या दाईला मी आडून आडून विचारलं की मुलं इथे कधी कधी उभी वगैरे राहतात का. ती म्हणाली, "साहेब, इथे कुणाचंही मूल पहिल्यांदा चालत नाही. पहिलं पाऊल घरीच पडतं. आमचा नियमच आहे तसा." असं म्हणून तिने छताकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही, पण अधिक चौकशी करण्याची माझी हिंमत झाली नाही.

इमारतीने मात्र चौकशी केली. तळमजल्यावर नेव्हेना मावशी राहतात. इमारतीसमोरच्या जमिनीच्या पट्ट्यात त्यांनी गुलाब, कांदे आणि रंगवलेल्या टायरांमध्ये शेवंती लावली आहे, आणि ये-जा करणाऱ्या प्रत्येकाची तब्येत त्या तिथूनच पाहतात.

"वर्षाची होत आली की रे ही," त्या म्हणाल्या. "अजून कडेवरच?"

"उन्हाचं... दमते ती," मी म्हणालो.

"दमायला आधी चालावं लागतं. पायात जोर नाहीये तिच्या. नदीकाठची गरम वाळू आण, कमरेपर्यंत पूर रोज. नाहीतर हंसाची चरबी चोळ. आणि दोन्ही पायांना लाल दोरा बांधून मधोमध कात्रीने काप. अडकलेले पाय सुटतात त्याने. माझ्या भाच्याचे सुटले होते. आता इटलीत ट्रक चालवतो."

चालण्याचा आणि ट्रकचा संबंध मी विचारला नाही. मी भूमापक आहे. हद्द ओळखतो.

याच सुमारास कालिना घर पाहून गेली. तिने दोन्ही खोल्या पाहिल्या, आमचं भिंतभर कपाट पाहिलं, गालिचा पाहिला, लोणच्यांच्या बरण्या पाहिल्या आणि म्हणाली, "मला तुम्ही जसे आहात तसेच हवे आहात. फक्त थोडे कमी." नंतर तिने चार पानी सूचना पाठवल्या. सर्वांनी फिकट, मातकट रंगाचे सुती कपडे घालावेत. प्लॅस्टिकची खेळणी दिसू नयेत. कोणीही कॅमेऱ्याकडे, घड्याळाकडे किंवा एकमेकांकडे काळजीने पाहू नये. आणि जागा म्हणून तिने निवडला नेव्हेना मावशींचा बगीचा.

मावशींची हरकत नव्हती. हरकत घेतली कांचोकाकांनी. कांचोकाका आमच्या जिन्याचे, म्हणजे त्या जिन्यावरच्या सगळ्या घरांचे, निवडून आलेले व्यवस्थापक. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली लिफ्ट आणि सायकली सोडून कुणी उरलेलं नाही, त्यामुळे ते दोहोंवर कडक लक्ष ठेवतात.

"इंजिनिअर, ही जमीन नगरपालिकेची," ते मला म्हणाले. "तुलाच माहीत असायला हवं. उद्या कुणी विचारलं, हे कापड कशाचं, तर मी काय दाखवू? कागद आण."

मी दुसऱ्या मजल्यावर काम करतो. कागद तळमजल्यावरच्या खिडकीत मिळतो. मी जेवणाच्या सुटीत खाली गेलो आणि रांगेत उभा राहिलो. खिडकीतली बाई मला सतरा वर्षं ओळखते आणि तिने ते अजिबात दाखवलं नाही.

"तात्पुरती मांडणी," तिने अर्ज वाचला. "प्रकार कोणता? टपरी, मंडप, व्यासपीठ, की फिरता पाळणा?"

"कापड. तीन मीटर. अर्धा तास."

"कापड नाहीये यात. मी व्यासपीठ लिहिते. जागेचा प्रमाणित नकाशा जोडा."

"तो मीच देतो ना. वरती."

"अर्जदाराने स्वतःचा नकाशा प्रमाणित करायचा नसतो. तुमच्या सहकाऱ्याकडून आणा."

माझा सहकारी समुद्रावर रजेवर होता. मी म्हणालो, "बाई, लोक रोज तिथे सतरंजी टाकून बसतात, पत्ते खेळतात. त्यांना कुणी विचारत नाही."

"त्यांनी अर्ज केलेला नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही केलात. आता नुसतं बसता येणार नाही. चौदा कामकाजाचे दिवस."

म्हणजे तारीख उलटून गेल्यावर. सतरा वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूने हीच वाक्यं बोलत आलो आहे, आणि ती बाहेरच्या बाजूने कशी ऐकू येतात हे मला पहिल्यांदाच समजलं. शेवटी कांचोकाकांनीच तोड काढली. जिन्याची सर्वसाधारण सभा बोलवायची आणि ठराव करायचा, म्हणजे जबाबदारी सर्वांवर विभागली जाईल. सभा खालच्या दालनात सायकलींच्या मध्ये उभ्याने झाली. पुरेसे लोक आले नाहीत म्हणून नियमानुसार तासभर थांबून तेवढ्याच लोकांनी ती पुन्हा सुरू केली. पन्नास मिनिटं लिफ्टवर चर्चा झाली. उरलेल्या दहा मिनिटांत असं ठरलं, की चौदा तारखेला फोटोला परवानगी आहे, कुणीही गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढणार नाही, आणि इतकी यातायात होतेच आहे तर सगळे जण खाली येतील.

"पण ती चालेल ना नक्की?" सभेच्या शेवटी कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी माझ्या कडेवरच्या मुलीच्या पायांकडे पाहिलं. तिने माझ्या शर्टाचं बटण तोंडात धरलं होतं.

त्या रात्रीच नेव्हेना मावशींनी, केवळ काळजीपोटी, आईंना फोन केला. सोमवारी, नऊ तारखेला, मी कामावरून परत आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात होत्या. बाकावर त्यांची पिशवी होती. लोकरीच्या शालीत गुंडाळलेलं पिठाच्या विरजणाचं भांडं खिडकीत ठेवलं होतं. बिल्याना त्यांच्या मांडीवर आडवी पडली होती आणि त्या कोमट तेलाने तिचे पाय चोळत होत्या.

"आलास का बाळा," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही बोलला नाहीत ते बरोबरच आहे. मी घाबरले असते. पण आता मी आहे."

मी रालित्साकडे पाहिलं. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि आधीच धुतलेला पेला धूत होती.

"दोष असेल तर तो आमच्या बाजूचा," आई सांगत होत्या. "माझी आईसुद्धा दीड वर्षांची होईतो चालली नव्हती. तुझ्या घरात तसं काही नाहीये. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी कपडे बदलायला आत गेलो. रालित्सा मागोमाग आली. दार लोटून ती म्हणाली, "सांगून टाकूया."

"काय सांगणार? की ती दोन आठवडे चालतेय आणि आम्ही हाक मारली नाही?"

"मग?"

"पाचच दिवस राहिलेत. शनिवारी त्या बघतील. त्यांच्यासाठी ते पहिलंच असेल. आत्ता सांगितलं तर त्यांचं बघणंही गेलं आणि आपल्यावरचा विश्वासही गेला."

"तुझं गणित नेहमी बरोबर असतं, मेतो," ती म्हणाली. यात कौतुक नव्हतं.

ते पाच दिवस मी विसरू इच्छितो. दोन खोल्यांच्या घरात तीन मोठी माणसं, आणि त्यांतली दोन एका मुलीला तिच्या आजीसमोर उभं राहू देत नाहीत. बिल्याना उठायला लागली की रालित्सा तिला भूक लागली असं म्हणे, मी लंगोट ओला आहे असं म्हणे. आई हे सगळं बघत. रोज सकाळी आणि संध्याकाळी तेल. गुरुवारी त्यांनी लाल दोरा मागितला, तिच्या घोट्यांना सैल बांधला आणि कात्री माझ्या हातात दिली. "बापाने कापायचा," त्या म्हणाल्या. मी कापला. त्यांनी डोळे मिटून ओठ हलवले, आणि मी त्या दोऱ्याचे तुकडे गोळा करत बराच वेळ खाली वाकून राहिलो. कंबर दुखत होती हे खरंच होतं.

शनिवार उजाडला. ऊन चांगलं होतं. आईंनी पहाटे मळलेला पाव साडेनऊला ओव्हनमधून निघाला. आम्ही सगळे मातकट कपड्यांत, आजारातून उठल्यासारखे दिसत होतो. आईंनी मात्र निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, ठेवणीतला पोशाख घातला होता. कालिनाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक सुस्कारा टाकला.

बगीच्यात लाल कापड अंथरलं. बसक्या मेजावर आम्ही लेखणी, कात्री आणि कंगवा मांडला, आणि मी कुणाचं लक्ष नाही असं पाहून माझी मोजपट्टी ठेवली. पण सभेने ठराव केला असल्यामुळे इमारतीला हे मेज सार्वजनिक वाटत होतं. कांचोकाकांनी सैन्यातली शिट्टी ठेवली. नेव्हेना मावशींनी ट्रकची किल्ली ठेवली. भाच्याचा जुना ट्रक, त्या म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावरून शेंगदाण्यांची बशी आली, ती बहुधा खाण्यासाठी होती.

"तुम्ही काही करू नका," कालिना गुलाबांमागून म्हणाली. "फक्त जगा."

चाळीस माणसं जगण्याचा प्रयत्न करू लागली. आई कापडाच्या पलीकडच्या टोकाला, मेजाशेजारी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी हात पुढे केले नाहीत. ते हात त्यांनी मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. मी पाव घरंगळत सोडला. तो तीन फूट सरळ गेला आणि मग वळून कांद्यांच्या वाफ्यात शिरला. मी बिल्यानाला कापडाच्या अलीकडच्या टोकावर ठेवलं आणि मागे सरलो.

ती उठून उभी राहिली. अगदी सहज, हाताचा आधार न घेता. लोकांमधून एक कुजबुज गेली. तिने समोर आजीकडे पाहिलं, मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात वर करून वाट पाहू लागली.

मी उचललं नाही. तिने हात आणखी वर केले. मग तिला काही समजेना, आणि ती खाली बसली.

मी तिला पुन्हा उभं केलं. तिने पुन्हा हात वर केले. तिसऱ्यांदा तर तिने हात वर करूनच उठण्याचा प्रयत्न केला आणि ती तोल जाऊन पडली. अठरा दिवस आम्ही तिला एकच गोष्ट शिकवली होती आणि ती तिला पूर्ण आली होती.

"म्हटलं ना मी, जोर नाहीये," नेव्हेना मावशी कुणाला तरी म्हणाल्या. "मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणावं."

"हळू बोल, आजी ऐकतेय," कुणीतरी म्हणालं.

आजीने ऐकलं होतं. त्या उठल्या, गुडघे झटकले, त्या लाल कापडावरून स्वतःच चालत आल्या आणि त्यांनी बिल्यानाला उचललं. "नाही चालत तर नाही," त्या तिच्या कानाजवळ म्हणाल्या. "मी उचलीन. माझे हात अजून चांगले आहेत."

गुलाबांमागे कॅमेरा एकसारखा वाजत होता. "हे फार खरं आहे," कालिना हळूच म्हणाली. "कुणी हलू नका."

मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "पुरे. हे फोटो ठेवू नका, कृपा करून." तिने माझ्याकडे पाहिलं आणि कॅमेऱ्याला टोपण लावलं. बाई समजूतदार होती. आम्हा दोघांत खोटं फक्त मीच बोललो होतो. लोक पांगले. जाताना प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, आणि तो प्रत्येक हात मला सभेच्या ठरावापेक्षा जड वाटला.

वर आल्यावर आईंनी पाव पुसला. एका बाजूला माती लागली होती, ती त्यांनी सुरीने खरवडली. रालित्सा दारात उभी होती. मी बाकावर बसलो आणि म्हणालो, "आई, ती चालते."

त्या खरवडत राहिल्या.

"सत्तावीस मेपासून चालते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. इथेच. ओव्हनपासून बाकापर्यंत. आम्ही तुम्हाला हाक मारली नाही. तुम्ही बघाल आणि त्याचा फोटो मिळेल म्हणून आम्ही तिला थांबवून ठेवलं. तिच्या पायांना काही झालेलं नाही. आता ती उचलायची वाट बघते, कारण आम्ही उचलत होतो."

सुरी थांबली. त्यांनी विचारलं, "तेल लावत होते तेव्हासुद्धा चालत होती?"

"हो."

"दोरा कापलास तेव्हा?"

"हो."

त्यांनी सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "किती पावलं टाकली?"

"चार."

"अंगात काय होतं?"

रालित्साने सांगितलं, "पिवळी बंडी. तुम्ही विणलेली."

"कुठला पाय आधी टाकला?"

तेव्हा माझी तिच्याकडे पाठ होती. मी टोमॅटो चिरत होतो, आणि वळलो तेव्हा ती अर्ध्यात आली होती. मी रालित्साकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "मी ह्याला हाक मारत होते," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्हीपण नाही बघितलं," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुहेरी पाळी करून फाटकाशी आलेल्या बाईचा तो आवाज होता, आणि मला रागच बरा वाटला असता.

मग त्या उठल्या. "पाव गार होतोय," त्या म्हणाल्या. "वाटायचा तर असतोच. माती लागली म्हणून काय झालं."

मी पावाचे तुकडे केले, प्रत्येकावर मध लावला आणि ते मोठ्या तबकात रचले. आमच्या जिन्यात आमचं सोडून बत्तीस घरं आहेत, आणि या क्षणी त्या बत्तीसही घरांत माझ्या मुलीचे पाय अधू होते. हे दुरुस्त करण्यासाठी सभा बोलावता आली असती. खालच्या दालनात एक कागदही चिकटवता आला असता, कांचोकाकांनी त्यावर शिक्का मारून दिला असता. मी तबक दोन्ही हातांनी उचललं.

"रालित्सा, तिला जिन्यात खाली ठेव," मी म्हणालो. "आणि कुणी उचलू नका."

"पळत वाटायचा असतो," रालित्सा म्हणाली.

"आज तिच्या वेगाने वाटू."

आम्ही चौघं बाहेर आलो. पाचव्या मजल्यावरच्या लांब मोकळ्या जागेत दुपारी उजेड चांगला येतो. कांचोकाकांचं दार आमच्यापासून साडेसहा मीटरवर आहे. आई त्या दाराजवळ जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बिल्याना उठली, माझ्याकडे वळली आणि तिने दोन्ही हात वर केले.

माझ्या हातांत तबक होतं. मी ते तसंच धरून ठेवलं. रालित्साने स्वतःचे हात मातकट झग्याच्या खिशांत घातले. बिल्यानाने बराच वेळ वाट पाहिली, इतका वेळ की खालच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली, ती आली आणि गेलीसुद्धा. तिचे हात हळूहळू खाली आले. तिने आजीकडे पाहिलं.

मग ती निघाली.

"डावा," आई म्हणाल्या. त्या स्वतःशीच बोलल्या. आम्हाला सांगण्याची त्यांना गरज नव्हती.

ती मध्ये दोनदा बसली, दोनदा उठली, आणि येऊन तिने आजीच्या निळ्या पोशाखाला धरलं. मी तबक सावरत पुढे गेलो आणि कोपराने कांचोकाकांच्या दाराची बेल दाबली. आत चपलांचा आवाज आला. दार उघडल्यावर काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं, पण ते फार लांब नव्हतं. ती अठरा दिवसांपासून चालते आहे आणि आम्ही ते लपवलं. हे सांगून झालं की पाव द्यायचा. मग आणखी एकतीस दारं.